ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

बेळगावहून उत्तरेस निघालेला महामार्ग संकेश्वर, निपाणी, कागल ही गावे ओलांडून कोल्हापुरास पोहोचतो आणि तेथून पुढे कृष्णा व कोयना यांच्या संगमावर वसलेल्या कऱ्हाडास जातो. या मार्गाच्या दोहो बाजूंच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट समान चालत आली आहे, ती म्हणजे तालमीची लाल माती. गावची जत्रा आली की कुस्त्यांचे मैदान भरावे, हलगी कडाडावी, शड्डूंचा आवाज घुमावा आणि विजयी मल्लाला फेटा बांधून गावभर मिरवावे, हा आपल्या सीमाभागाचा जुना परिपाठ. याच मातीतला एक ठेंगणा, बारीक चणीचा मल्ल सातासमुद्रापलीकडे फिनलंड देशातील हेलसिंकी नगरीत गेला आणि स्वतंत्र भारताला ऑलिंपिक स्पर्धेतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देता झाला. तो दिवस होता २३ जुलै १९५२ आणि त्या मल्लाचे नाव होते खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचे नाव आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेले असेल. परंतु त्यांच्या पदकामागे कोणाकोणाचे ऋण होते, ते ऋण त्यांनी कसे फेडले आणि त्यांचे ऋण फेडण्यास इतरांना किती विलंब लागला, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक आहे. ती जाणून घेण्यासारखी आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या लहानशा गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. शेतकऱ्याचे घर, दारात गुरेढोरे आणि घरात कुस्तीचा नाद, अशा वातावरणात ते वाढले. वयाच्या पाचव्या वर्षापासूनच वडिलांनी त्यांना तालमीत उतरविले. पहाटे उठावे, हौद्यातील माती खणून भुसभुशीत करावी, जोर-बैठका काढाव्या, थोरल्या भावांशी लढत करावी आणि मग शाळेची वाट धरावी, असा त्यांचा दिनक्रम होता. मोठ्या चणीच्या भावांशी रोज झुंजावे लागल्यामुळे आपल्यापेक्षा वजनदार गड्याला ताकदीने हलविण्याऐवजी त्याचा तोल ओळखून त्याला उलथविण्याची विद्या त्यांच्या अंगी बालपणीच मुरली.

१९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. ती वर्षे साऱ्या देशाच्या आयुष्यात धामधुमीची होती. १९४२ साली चले जाव चळवळीचा वणवा पेटला आणि सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप व पत्रके गुप्तपणे पोहोचविणे ही कामे त्या वेळी अनेक घरांनी आणि अनेक शाळकरी मुलांनी केली. सोळा वर्षांचे खाशाबा त्यांपैकीच एक होते. देशासाठी काहीतरी करावे ही ओढ त्यांच्या मनात या दिवसांत रुजली.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरास कुस्तीची पंढरी बनविले होते. परदेशच्या प्रवासात पाहिलेल्या प्राचीन रोमन क्रीडागाराच्या धर्तीवर त्यांनी बांधविलेले खासबागचे मैदान १९१२ साली पुरे झाले. पेठापेठांतून तालमी होत्या आणि नामांकित वस्ताद होते. अशा नगरीत धिप्पाड मल्लांची वाण नव्हती. त्यामुळे कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव देण्यास हा लहानखुरा विद्यार्थी गेला, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्याच्या देहयष्टीकडे पाहून नकार दिला. खाशाबा निराश झाले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि त्यांची अनुमती मिळवून आखाड्यात उतरले. एकामागून एक प्रतिस्पर्धी चीत झाले आणि नकार देणाऱ्यांसह सर्वांनी तोंडात बोटे घातली. बाबुराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्या मार्गदर्शनाने त्यांची कुस्ती आता अधिकच धारदार झाली. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळावी, कंबर त्याच्या पोटाखाली घालावी आणि क्षणार्धात त्याला आपल्या अंगावरून पलीकडे फेकावे, असा हा डाव होय. तो बसला की भलाभला गडी आभाळ पाहत असे.

येथे क्षणभर थांबून थोडे मागे पाहिले पाहिजे. आपल्या भागातील खेळाडू ऑलिंपिकला गेल्याची ही पहिली वेळ नव्हती. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे भरलेल्या स्पर्धेस जो छोटासा भारतीय संघ गेला, त्यात आपल्या बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले होते. सव्वीस मैलांची मॅरेथॉन शर्यत त्यांनी पुरी केली आणि ते एकोणिसावे आले. त्याच संघातील मल्ल रणधीर शिंदे यांचे कांस्यपदक अवघ्या एका कुस्तीने हुकले व त्यांना चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे लोटली, तरी कुस्तीतील ते अपुरे राहिलेले काम कोणाच्या हातून पुरे झाले नव्हते.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला आणि बावीस वर्षांचे खाशाबा विलायतेस गेले. तेथे पोहोचल्यावर त्यांच्यापुढे जे संकट उभे राहिले, त्याची कल्पना आपल्याला सहजी येणार नाही. त्यांनी आजवर केलेली सारी कुस्ती मातीवरची होती आणि लंडनची कुस्ती गादीवरची, म्हणजे मॅटवरची होती.

माती आणि मॅट यांतील भेद पायाखालच्या जमिनीपुरता नाही. आपल्या हौद्यातील माती ताक, तेल, हळद मिसळून मऊ केलेली असते. तीत पाय रुततो, चाल मंद होते आणि एखादी पकड धरून बराच वेळ दम खाता येतो. जत्रेतील कुस्तीला घड्याळाचे बंधन नसे. जोड वजन करून लावीत नसत, पंच नजरेनेच ठरवीत. आणि निकाल एकच, दोन्ही खांदे मातीला टेकले की चितपट. मॅटवर मात्र सारा मामला वेगळा. तेथे पाय सरकतो, हालचाल विजेच्या वेगाने होते. वजनाचे गट काटेकोर असतात. वेळ ठरलेली असते. आणि चितपट झाली नाही तर कोणी किती वेळा कोणाला खाली आणले, कोणी चढाई केली, याचा हिशेब करून पंच निकाल देतात. चांगला मल्लही हा हिशेब जाणत नसेल तर जिंकत आलेली कुस्ती हरून बसतो.

लंडन येथे रीस गार्डनर या माजी अमेरिकन विजेत्याने खाशाबांना या नव्या विद्येचे धडे दिले. हाताशी वेळ थोडा होता. तरीही ५२ किलो वजनाच्या गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला व अमेरिकेच्या बिली जर्निगनला पराभूत केले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीकडून त्यांना हार पत्करावी लागली आणि सहाव्या क्रमांकावर त्यांची स्पर्धा संपली. मॅटवर प्रथमच उतरलेल्या मल्लाने जगात सहावे यावे ही सामान्य गोष्ट नव्हती. पाहणारे चकित झाले. खाशाबा मात्र असमाधानी होते. आपण कोठे कमी पडलो हे त्यांना नेमके उमगले होते आणि चार वर्षांत ती उणीव भरून काढण्याचा निश्चय करूनच ते मायदेशी परतले.

त्या चार वर्षांत त्यांनी व्यायाम वाढविला, वरच्या वजनाच्या, ५७ किलोच्या गटाची तयारी केली आणि मॅटवरील डावांचा कसून अभ्यास केला. १९५२ साल उजाडले. परंतु हेलसिंकीची वाट त्यांच्या पायांखाली सहजासहजी आली नाही. निवडीच्या वेळी त्यांना अवघ्या एका गुणाने मागे ठेवण्यात आले. आपल्यावर अन्याय झाला आहे अशी त्यांची खात्री होती. आरडाओरड न करता त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळांचे जाणकार होते. त्यांनी कलकत्त्याच्या निरंजन दास यांच्याशी खाशाबांची कुस्ती पुन्हा लावण्याची व्यवस्था केली. त्या कुस्तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि निवडीचा प्रश्न मातीच्या न्यायाने सुटला.

दुसरी अडचण होती पैशांची. फिनलंडपर्यंतचा प्रवास, तेथील राहणे, खाणेपिणे हा खर्च हजारोंच्या घरात जाणारा होता आणि शेतकरी कुटुंबाला तो झेपणारा नव्हता. शासनाकडे केलेल्या विनंतीला हवे तसे यश आले नाही. तेव्हा खाशाबा आणि त्यांचे आप्तेष्ट कऱ्हाड परिसरातील गावोगाव फिरले. कोणी रुपया दिला, कोणी पाच दिले, ज्याला जसे जमले तसे त्याने दिले. तरीही मोठी रक्कम उरलीच. अशा वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७,००० रुपये उभे करून आपल्या माजी विद्यार्थ्याच्या हाती ठेवले.

मित्रहो, या प्रसंगाचा थोडा विचार करा. १९५२ साली सात हजार रुपये म्हणजे मध्यमवर्गीय माणसाची कित्येक वर्षांची कमाई. विद्यार्थी पदक आणीलच याची कोणी हमी दिलेली नव्हती. पदक आणले तरी त्यातून घर सुटणार नव्हते. असे असूनही एका शिक्षकाने आपल्या डोक्यावरील छप्पर विद्यार्थ्याच्या मनगटावर विश्वासून डावावर लावले. खाशाबा हेलसिंकीस निघाले तेव्हा त्यांच्या सामानात लंगोट व कपडे थोडे असतील, पण मनावर या विश्वासाचे ओझे फार मोठे होते.

हेलसिंकीच्या स्पर्धेत जगातील थोर मल्ल एकत्र आले होते. महायुद्धानंतर लंडनच्या स्पर्धेस जपान व जर्मनी यांना बोलाविण्यात आले नव्हते आणि सोव्हिएट रशिया तर तोवर ऑलिंपिकमध्ये उतरलाच नव्हता. १९५२ साली हे तिन्ही देश आले आणि कुस्तीच्या आखाड्यातील चुरस एकदम वाढली. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला चितपट करून प्रारंभ केला. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्टोचीही तीच गत झाली. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झशी झालेली लढत अटीतटीची ठरली. तीन पंचांपैकी दोघांनी खाशाबांच्या बाजूने कौल दिला आणि ते पदकाच्या दारात येऊन उभे राहिले.

आता दोन प्रतिस्पर्धी उरले होते. एक जपानचा शोहाची इशी आणि दुसरा रशियाचा रशीद मम्मदबेयोव.

इशीची कथाही ऐकण्याजोगी आहे. तो मूळचा ज्युदोचा विद्यार्थी. जपानातील ज्युजुत्सू या प्राचीन मल्लविद्येतून घातक प्रकार वगळून, तिला नियम व शिस्त घालून देऊन, जिगोरो कानो नावाच्या शिक्षकाने १८८२ साली तोकियो येथे ज्युदोची शाळा स्थापन केली. तीत खेळाडू जाड कापडाचा अंगरखा घालतात, एकमेकांच्या बाह्या व गळपट्टी पकडून तोल बिघडवितात आणि प्रतिस्पर्ध्याला पाठीवर स्वच्छ आपटले की लढत तेथेच संपते. आपल्या ढाकेसारखेच कंबरेवरून फेकण्याचे डाव ज्युदोतही आहेत. बळापेक्षा तोल ओळखण्याला महत्त्व देणारी ती विद्या आपल्या कुस्तीची दूरची बहीणच म्हणावी लागेल. परंतु महायुद्धात जपान पराभूत झाल्यावर जेत्यांच्या अमलाखाली तेथील शाळांतून ज्युदो शिकविण्यास बंदी झाली. त्यामुळे इशी ज्युदो सोडून कुस्तीकडे वळला. म्हणजे हेलसिंकीच्या त्या मॅटवर दोन तरुण समोरासमोर उभे होते. दोघेही १९२६ सालीच जन्मलेले. एकाचा पाया आपल्या लाल मातीतला, दुसऱ्याचा ज्युदोच्या चटयांवरचा. दोघांनीही आपापल्या देशी विद्येचा पाया ठेवून परक्या नियमांची कुस्ती आत्मसात केलेली होती.

ही लढत दीर्घ काळ चालली. त्या काळी एक कुस्ती पंधरा मिनिटांपर्यंत चाले आणि मॅटच्या वेगाने पंधरा मिनिटे झुंजणे म्हणजे छातीचा भाता फुटण्याची वेळ. अखेर निकाल इशीच्या बाजूने लागला. खाशाबांच्या चरित्रात पुढील हकीकत सांगितली जाते ती अशी की, त्या थकव्यातून त्यांचा श्वास पुरता जागेवर येण्याआधीच त्यांना मम्मदबेयोवशी लढण्यास पुकारले गेले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. नियम खाशाबांच्या बाजूचा होता, पण तो पंचांपुढे मांडण्यासाठी भारतीय पथकातील एकही अधिकारी त्या वेळी मॅटजवळ नव्हता. भाषा परकी, दालन परके आणि बाजूने बोलणारे कोणी नाही. खाशाबा पुन्हा मॅटवर गेले आणि तिन्ही पंचांच्या कौलाने ती लढत हरले.

सुवर्णपदक इशीने मिळविले. त्या स्पर्धेत जपानच्या वाट्याला आलेले ते एकमेव सुवर्ण. रौप्यपदक मम्मदबेयोवला मिळाले. कांस्यपदक भारताच्या खाशाबा जाधवांच्या गळ्यात पडले. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता काय, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. परंतु एक गोष्ट निश्चित. ज्याला हेलसिंकीपर्यंत पोहोचविण्यासाठी शेकडो हातांनी पैसा जोडला, त्याला तेथे गरज होती ती नियम जाणणाऱ्या एका माणसाची आणि त्याने उच्चारावयाच्या एका वाक्याची. ते एक वाक्य त्याला मिळाले नाही.

त्या वर्षी भारताला दोनच पदके मिळाली. एक हॉकी संघाचे सुवर्ण आणि दुसरे खाशाबांचे कांस्य. हॉकीच्या विजयाचा देशभर जयघोष झाला. खाशाबांचे खरे स्वागत केले ते त्यांच्या मुलखाने. कऱ्हाडहून गोळेश्वरकडे त्यांची मिरवणूक निघाली. तीत एकशे एक्कावन्न बैलगाड्या होत्या आणि एरवी पाव तासात संपणारी वाट चालायला त्या दिवशी सात तास लागले, असे सांगतात. वाजंत्री, फटाके, गुलाल आणि दुतर्फा उभी असलेली माणसे. ज्यांनी रुपया-दोन रुपये दिले होते, त्यांना आपल्या रुपयाचे सोने झालेले त्या दिवशी डोळ्यांनी पाहता आले.

मिरवणूक संपली. गुलाल धुतला गेला. येथून पुढचा प्रसंग मात्र मला पदकाहूनही मोठा वाटतो. प्राचार्यांचे घर अद्याप गहाणच होते. खाशाबा त्याचा विसर पडू देणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरविली आणि त्यांत ते स्वतः लढले. ऑलिंपिकचे पदक मिळविलेला हा मल्ल पुन्हा लंगोट कसून मातीत उतरला, तो कीर्तीसाठी नव्हे, आपल्या गुरूचे घर सोडविण्यासाठी. कुस्त्या जिंकून जमलेली रक्कम त्यांनी प्राचार्यांच्या स्वाधीन केली आणि घर मोकळे झाले. शिक्षकाने ठेवलेल्या विश्वासाची परतफेड शिष्याने घामाने केली. गुरुदक्षिणेच्या कथा आपण पुराणांत वाचतो. ही कथा आपल्या शेजारच्या गावात, आपल्या आजोबांच्या काळात घडलेली आहे.

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात फौजदार म्हणून दाखल झाले. दलाच्या स्पर्धांतून त्यांनी अनेक विजय मिळविले आणि तरुणांना कुस्तीचे शिक्षण दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी त्यांची तयारी चालू होती, परंतु गुडघ्याला झालेल्या दुखापतीने ती आकांक्षा अपुरीच राहिली. सत्तावीस वर्षे त्यांनी इमानेइतबारे नोकरी केली आणि साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. ऑलिंपिकवीर म्हणून कोणती सवलत मागावी हा त्यांचा स्वभाव नव्हता. ड्युटीच्या गणवेशात उभा असलेला हा माणूस कोण आहे, हे शेजारून जाणाऱ्या हजारोंना ठाऊकही नसे.

काळ पुढे सरकत गेला आणि देशाला आपल्या पहिल्या वैयक्तिक पदकाचे विस्मरण झाले. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला, पण तो खाशाबांच्या हयातीत त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. १९८२ साली दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या ज्योतीसह धावण्याचा मान त्यांना मिळाला, एवढाच काय तो दिलासा. निवृत्तीनंतर हक्काच्या निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले आणि अखेरचे दिवस ओढाताणीत गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, रस्त्यावरील अपघातात या वीराचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते.

त्यानंतर मात्र सन्मानांची रीघ लागली. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर जाहीर झाला. २००० सालचा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच देण्यात आला. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा तेथील कुस्तीच्या क्रीडागाराला खाशाबा जाधवांचे नाव देण्यात आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील दुसरे ऑलिंपिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. टेनिसपटू लिएंडर पेस याने अटलांटा येथे ते मिळविले. म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षे खाशाबा एकटेच होते. कुस्तीतील पुढील पदक तर २००८ साली बीजिंग येथे सुशील कुमारच्या रूपाने आले.

दरम्यान इशीने सोडलेला ज्युदो १९६४ च्या तोकियो ऑलिंपिकमध्ये प्रथमच समाविष्ट झाला. १९८६ साली सोल येथे तो आशियाई स्पर्धेतही आला आणि भारताने त्यात चार कांस्यपदके मिळविली. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुशीला देवी व तूलिका मान यांनी रौप्य, तर विजय कुमार यादव याने कांस्यपदक जिंकले. आता कुस्ती असो वा ज्युदो, खेळाडू मॅटवर असताना त्याचा प्रशिक्षक मॅटच्या कडेला खुर्ची टाकून बसलेला असतो. कुस्तीत तर पंचांचा निर्णय चुकला असे वाटल्यास प्रशिक्षक एक मऊ ठोकळा मॅटवर टाकतो, कुस्ती थांबते आणि चित्रफीत पुन्हा पाहून निर्णयाची फेरतपासणी होते. दूरचित्रवाणीवर हे दृश्य तुम्ही पाहाल, तेव्हा हेलसिंकीच्या मॅटकडेला जेथे कोणीच नव्हते, त्या जागेची आठवण अवश्य ठेवा.

बालमित्रहो, खाशाबांच्या चरित्रातून व्यायाम करा, बलवान व्हा, एवढाच बोध घेऊन थांबू नका. तो बोध तर खराच, आणि आपल्या गावच्या तालमीची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाने तो घ्यावाच. पण आपणांपैकी सर्वच जण मल्ल होणार नाहीत. कोणी शिक्षक होईल, कोणी अधिकारी होईल, कोणी वकील, कोणी व्यापारी, कोणी शेतकरी. त्यांतील प्रत्येकाला या चरित्रात आपापली जागा आहे. घर गहाण ठेवणारे प्राचार्य मल्ल नव्हते. रुपया देणारे गावकरी मल्ल नव्हते. आणि त्या दिवशी मॅटजवळ ज्याची उणीव भासली, त्यालाही मल्ल असण्याची गरज नव्हती. त्याला नियमांचे ज्ञान हवे होते, समोरच्याला समजेल अशी भाषा हवी होती आणि वेळेवर जागेवर असण्याची जाणीव हवी होती. दोन-तीन भाषा कानांवर घेऊनच वाढणाऱ्या आपल्या सीमाभागातील मुलांना हे अवघड नाही.

गोळेश्वर येथील जाधवांच्या घराचे नाव ऑलिंपिक निवास असे आहे. कधी निपाणीवरून कोल्हापूरमार्गे पुण्याकडे जाण्याचा योग आला, तर कऱ्हाड येताच त्या गावाच्या दिशेने क्षणभर पाहा. घेतलेले प्रत्येक ऋण फेडून गेलेला एक माणूस तेथे जन्मला होता. त्याचे आपल्यावरील ऋण फेडण्याचा मार्ग एकच. आपल्या गावात, आपल्या शाळेत उद्या कोणी लहान चणीचा मुलगा किंवा मुलगी आखाड्याच्या दाराशी येऊन उभी राहिली, तर तिला परत पाठवू नये, आणि तिची लढत चालू असेल तेव्हा तिच्या बाजूने बोलण्यासाठी आपण तेथे हजर असावे.